चाळीसच्या आत

टक्. मग थोडं थांबून पुन्हा, टक्.

पाऊण तास कुरकुर करून जुई आत्ता कुठं डोळे मिटत होती. मी मांडीसुद्धा हलवत नव्हते. घर इतकं गप्प होतं की बाहेर दूधवाल्यानं पिशवी फाटकाला अडकवली तेही ऐकू आलं असतं, आणि त्या गप्पपणात स्वयंपाकघराच्या फरशीवर धैर्यशीलचे सायकलचे बूट वाजत होते. त्या बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकवायचा एक कडक तुकडा असतो. माणूस कितीही चवड्यांवर चालला तरी नाल मारलेल्या घोड्यासारखा वाजतो.

"बूट बाहेर घालायचे की," मी नुसते ओठ हलवले.

त्यानं कान धरले. मग तसाच वाजत वाजत आला, पलंगाच्या कडेला टेकला आणि मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं.

"काय?"

"बघ की."

"अडतीस."

"अडतीस!" त्याला ओरडायचं होतं, पण आवाज कुजबुजीचाच ठेवावा लागला, त्यामुळं त्याचा सगळा चेहराच ओरडत होता. "उठल्या उठल्या. काल पण, आज पण. चाळीसच्या आत गेलो, ऋतू!"

अडतीस ही त्याची नाडी होती. एका मिनिटाचे ठोके.

शिरोलीत आमचं लहानसं मशीन शॉप आहे. दिवसभर तेल आणि लोखंड. त्यातून धैर्यशीलनं हा नाद धरला होता, लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचा. आधी समुद्रात पोहायचं, मग उभा दिवस सायकल चालवायची, आणि उतरल्यावर पूर्ण मॅरेथॉन पळायची. पोहायला तो विहिरीत शिकलेला, त्यामुळं ती भीती नव्हती. पळायचाही बरा. घोडं अडत होतं ते सायकलपाशी. आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, "मांडीत रग हाय, पण दम न्हाई. दोन डावात निकाल लावणारं पैलवानाचं घर आमचं, दिवसभर कोण झुंजणार?"

दम वाढवायचं काम त्याच्या सायकलवाल्या ग्रुपमधल्या डॉक्टरांनी अंगावर घेतलं होतं. त्यांनी ही शर्यत परदेशात जाऊन पूर्ण केली होती, म्हणून सगळे त्यांना गुरू मानत. आठवडाभर सपाट रस्त्यावर तासन्‌तास सावकाश सायकल, इतकी सावकाश की चालवता चालवता गप्पा मारता आल्या पाहिजेत. त्यानं काळजाला दम येतो. आणि रविवारी घाट. मोठा गिअर टाकायचा, सीटवरून उठायचं नाही, एकेक पेडल दळण दळल्यासारखं ओढायचं. त्यानं पायात ताकद येते. "आधी पाया, मग कळस," डॉक्टर म्हणायचे. पाया झाला की नाही हे कसं ओळखायचं? सकाळी उठल्यावरच्या नाडीवरून. दम वाढला की नाडी उतरते. ज्याची नाडी चाळीसच्या आत जाईल त्यानं ग्रुपला मिसळ द्यायची, हा त्यांचा रिवाज होता. माणसं मुलगा झाल्यासारखी ती मिसळ देत.

"परवा आंघोळीहून येताना भिंत धरलीस ती?" मी विचारलं.

"वाकून पटकन उठलो म्हणून."

"आणि त्याच्या आधी, शॉपमध्ये?"

"रिकाम्या पोटी होतो गं. तू ना, आनंदाच्या वेळी वकिलासारखी उलटतपासणी काढतेस." त्यानं माझी दोन बोटं उचलून स्वतःच्या मनगटावर ठेवली. "हे बघ. लागली?"

लागली. भरीव, जोरकस ठोका. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की मी मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो हसत होता. मग पुढचा ठोका आला.

"बघितलंस?" तो म्हणाला. "घाईच नाही त्याला कसली."

आबा चहाचा कप घेऊन दारात आले. "काय कुजबुज चाललीया सकाळ सकाळ?"

धैर्यशीलनं आकडा सांगितला. आबांनी मिशी पुसली.

"मग? रगात कुणाचं हाय? सर्जाची नाडी बघाय तालमीत वैद्य यायचे. म्हणायचे, हे बैलाचं काळीज हाय, एका ठोक्यात दोघांचं काम करतंय."

सर्जेराव म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. लग्न व्हायच्या आधीच गेलेले. त्यांची गोष्ट मला पाठ होती, कारण मला बघायला आले तेव्हाही आबांनी ती माझ्या वडिलांना सांगितली होती. कुस्ती मारून आखाड्यातून वर आले, अंगाची माती झाडली, तालमीच्या पायरीवर टेकले ते टेकलेच. शेजारच्याला वाटलं, डुलकी लागली. "असं मरण याया पुण्याई लागती," आबा शेवटी म्हणायचे. त्या सकाळीही म्हणाले. जुई तेवढ्यात जागी झाली, आणि मग कुणाचंच काही ऐकू येईना.

रविवारी मिसळ झाली. मी जुईला घेऊन गेले होते. घामट कपड्यातले आठ-दहा पुरुष दोन टेबलं जोडून बसले होते, आणि धैर्यशीलच्या कपाळाला कुणीतरी कटाचा टिळा लावला होता.

"वहिनी, आता सांभाळा!" एकजण म्हणाला. "अडतीस म्हणजे अर्धा मेलेलाच माणूस!"

"अरे, कासवाची नाडी कमी असते म्हणून ते दोनशे वर्षं जगतं. हा तुम्हा सगळ्यांच्या तेराव्याचं जेवून जाणार."

मी डॉक्टरांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. "डॉक्टर, याला अधूनमधून अंधारी येते. एकदा दाखवून घ्यायचं का कुणाला?"

टेबल हसलं. वाईट नाही हसलं. नव्या आईला हसतात तसं.

"वहिनी, बुलेट बघितलीय ना?" डॉक्टरांनी पाव मोडता मोडता विचारलं. "उभी असताना कशी वाजते? धक. धक. आणि स्कूटर? फटफटफटफट. आता सांगा, इंजिन कुणाचं मोठं?"

"बुलेटचं."

"झालं तर. काळीज मोठं झालंय त्याचं. माझी स्वतःची एकेचाळीस आहे, मला जळायला होतंय, आणि तुम्ही दाखवायला निघालात. अंधारी येते ती मिठानं. घाम जातो, मीठ जातं. घाटात बटाटे उकडून आणता ना, त्यांना मीठ जरा सढळ लावा."

डॉक्टर हाडांचे होते. गुडघे आणि खुबे बसवणारे, हाताला गुण होता त्यांच्या. पण ग्रुपमध्ये कुणी हाडांचा, कुणी दातांचा असा भेद करत नसे. डॉक्टर म्हटलं की डॉक्टर. मी घरी येऊन बटाट्यांना मीठ जास्त लावायला लागले.

जानेवारीतल्या एका रविवारी ते सगळे गगनबावड्यावरून खाली कोकणात उतरले, आणि भुईबावड्याच्या घाटानं वर यायचे होते. शर्यतीआधीचा तो शेवटचा मोठा घाट होता. पाणी, केळी, बटाटे घेऊन आमची गाडी मागं. चालवायला आबा, मागच्या सीटवर मी आणि जुई. ऊन कोवळं होतं, गवत वाळून पिवळं झालं होतं, आणि जुई खिडकीच्या काचेला जीभ लावून बसली होती.

पहिल्या वळणांवर धैर्यशील बाकीच्यांबरोबर होता. मग मागं पडला. मग एकटाच उरला. आबा गाडी अगदी हळू त्याच्यामागं ठेवत होते आणि खिडकीतून ओरडत होते, "शाबास रे पठ्ठ्या! दळ! दळ!"

शेवटच्या चढाला तो इतका हळू झाला की मी गाडी थांबवायला सांगितली, जुईला कडेवर घेतलं आणि त्याच्या बाजूनं भराभर चालायला लागले.

"दमलास?"

"पाय... शिशाचे झालेत." दोन शब्दांच्या मध्ये तो श्वास शोधत होता. "पण बघ." त्यानं मनगट माझ्याकडं वळवलं. "चढ चालू आहे. आणि चव्वेचाळीस."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, येडे. या चढाला सगळ्यांची दीडशेला जाते. माझी चढतच नाही. पाया झाला. पक्का झाला."

"तुझे ओठ बघ कसले झालेत."

"थंडी आहे."

"ऊन आहे, धैर्या."

"एवढं वळण. वरती सगळे थांबलेत. तिथं खातो बटाटा." मग तो जुईकडं बघून म्हणाला, "काय जुईबाई? बाबाला हरवताय काय? उतरा खाली, लावा शर्यत." जुईनं त्याच्या हेल्मेटकडं हात केला. त्याला हँडलवरून हात सोडवेना, म्हणून त्यानं नुसती मान तिच्याकडं वाकवली, आणि तिनं हेल्मेटवर एक चापट मारली.

डॉक्टर वरून सायकल वळवून त्याला न्यायला खाली आले होते. "चला आजोबा! वहिनी पोर घेऊन पुढं चालल्या, लाज काढली!"

"डॉक्टर, चव्वेचाळीस दाखवतंय," मी म्हणाले. "एवढ्या चढाला."

त्यांनी वाकून घड्याळ बघितलं. क्षणभर त्यांच्या कपाळाला आठी आली. ती मी बघितली. मग ते म्हणाले, "ठोके मोजणारा छातीचा पट्टा घामानं सरकला असणार. नाहीतर हा माणूस नव्हे, देव आहे." आणि धैर्यशील हसला. देव म्हटलेलं त्याला आवडलं.

वळणावर कठड्यावर सगळे ओळीनं बसले होते. कुणी केळं सोलत होतं, कुणी बूट काढून पाय चोळत होतं. धैर्यशील दिसताच त्यांनी टाळ्या सुरू केल्या. तो त्यांच्यापासून दहा-बारा हातांवर आला आणि त्याचे पाय थांबले. सायकल एक क्षण तशीच उभी राहिली. मग सावकाश, एखादं दार आपोआप लागावं तशी, डावीकडं कलली आणि त्याला घेऊन आडवी झाली.

सगळे खो खो हसले. कारण सायकलवाला प्रत्येकजण कधी ना कधी असा पडतो. बूट पेडलमध्ये अडकलेले असतात, थांबायच्या आधी टाच फिरवून पाय सोडवायचा असतो, आणि दमलेला माणूस नेमकं तेच विसरतो. नव्या माणसाचं असं पडणं म्हणजे ग्रुपमध्ये सणच.

"पैलवान चितपट!"

"फोटो काढा, फोटो!"

"आबा, बघा, तुमचं नाव मातीत घातलं!"

सगळे हसताहेत म्हणून जुईही कडेवर हसायला लागली. दोनच दात होते तिला तेव्हा.

पडताना माणूस हात टेकतो. त्यानं टेकला नव्हता. मला तेवढंच दिसत होतं. हात अजून हँडलपाशीच होता, तळवा वर.

"धैर्या!"

आबांसमोर मी त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती. त्या हाकेनं हसणं तुटलं. डॉक्टरांनी स्वतःची सायकल तशीच टाकली आणि धावले. पेडलमधून बूट निघेनात, तेव्हा त्यांनी बुटांतून त्याचे पाय ओढून काढले. सायकल बाजूला झाली, तिच्या पेडलांना ते रिकामे बूट तसेच चिकटलेले. डॉक्टरांची बोटं त्याच्या मनगटावर गेली, मग मानेवर, मग पुन्हा मनगटावर.

आबा गाडीतून उतरून आले. ते घाबरले नव्हते. खरंच नव्हते.

"सबुरीनं बघा, डॉक्टर," ते गुडघ्यावर हात ठेवून वाकत म्हणाले. "आमच्या घरात नाडी लवकर लागत न्हाई. थांबा जरा. येतोय पुढचा ठोका."

डॉक्टरांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यांनी धैर्यशीलच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवले आणि जोरानं दाबायला सुरुवात केली.

"अवो, हळू! बरगडी मोडंल त्याची! सांगतोय न्हवं, आमच्यात..."

कुणीतरी आबांना धरलं. कुणीतरी जुईला माझ्याकडून घेतलं. ती रडायला लागली. पुढचं मला सलग आठवत नाही. गाडीत डॉक्टर मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसून दाबत होते आणि मोठ्यानं मोजत होते, तो आवाज आठवतो. आणि वाटेत कुठंतरी ते मोजायचे थांबले, ते आठवतं.

डॉक्टर नंतर घरी आले, तेव्हा बाहेरच्या खोलीत चपला न काढता उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मला त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. त्यांनीच एका मोठ्या हृदयतज्ज्ञ बाईंची वेळ घेऊन दिली. "तुम्ही जा वहिनी. जुईला घेऊन जा," म्हणाले. जुईला का, ते सांगितलं नाही.

त्या बाईंनी धैर्यशीलचं सगळं शांतपणे विचारून घेतलं. अंधारी, भिंत धरणं, सकाळचे आकडे, घाटातला आकडा. आबा माझ्या शेजारी ताठ बसले होते, मांडीवर जुई.

"व्यायामानं नाडी उतरते, ते खरं आहे," बाई म्हणाल्या. "पण अशी नाडी पळताना, चढताना भराभर वर जाते. तुमच्या मिस्टरांची वर जातच नव्हती. काळजाच्या वरच्या भागानं हाक मारायची आणि खालच्या भागानं हलायचं, असं ते काम चालतं. त्यांच्यात ती हाक खाली पोचतच नव्हती, असं दिसतंय. खालचा भाग आपल्या आपण, जमेल तसा चालला होता. दम वाढलेला नव्हता हो. काळीज थकत चाललं होतं."

मिसळीच्या टेबलावरचा तो लाल टिळा माझ्या डोळ्यांपुढं आला.

"हे कधीकधी घराण्यात असतं," बाई आबांकडं वळल्या. "तुमच्याकडं असं कुणी अचानक गेलंय का? तरुणपणी?"

"न्हाई," आबा लगेच म्हणाले. "आमच्यात समदे ठणठणीत."

आबांनी जुईच्या टोपीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. पुन्हा सोडली.

"एक भाऊ होता," ते म्हणाले. "सर्जा. आखाड्यातनं वर आला. अंगाची माती झाडली. पायरीवर..."

ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर छाती काढून सांगितली होती. त्या दिवशी ती पायरीपर्यंत आली आणि पुढं गेली नाही. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मांडीवरच्या पोरीकडं. मग जुईला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, जणू त्यांच्या हाताचं तिला काही लागेल.

बाईंनी जुईची तपासणी केली. तिच्या इवल्या छातीला तारा चिकटवल्या, ती त्या ओढून तोंडात घालत होती. "आज तरी सगळं ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण यात आज ठीक म्हणजे कायमचं ठीक, असं सांगता येत नाही. वाढेल तसं कळत जाईल. दरवर्षी आणा. अध्येमध्ये काही वाटलं तर लगेच."

आम्ही दरवर्षी जातो. आबा येत नाहीत. ते आता कुणालाच गोष्टी सांगत नाहीत. दुपारी फाटकापाशी खुर्ची टाकून रिक्षाची वाट बघतात, जुई उतरली की तिचं दप्तर घेतात, बस्स.

जुई आता दुसरीत आहे. परवा शाळेतून आली ती पळतच आत आली, बूटसुद्धा न काढता. गाल लाल. आबा मागून दप्तर घेऊन येत होते.

"आई, आई, आज खेळाच्या तासाला काय झालं माहितीय? सरांनी आम्हाला मैदानाला चक्कर मारायला लावली. मग असं मनगट धरायला शिकवलं. मग सर शिट्टी वाजवणार आणि पुन्हा शिट्टी वाजेपर्यंत आपण मोजायचं. सगळ्यांची खूप खूप आली. माझी सगळ्यात कमी! सरांनी स्वतः पण मोजली. मग म्हणाले, वा! सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या माझ्यासाठी."

दारात आबा थांबले. त्यांच्या हातातलं दप्तर खाली आलं.

तिनं आपलं बारीकसं मनगट माझ्यासमोर धरलं. शाईचे डाग पडलेलं, घामानं ओलं. मी हात पुढं केला, पण बोटं ठेवली नाहीत. अजून थोडा वेळ ठेवणार नव्हते.

"शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, तुझा बाबा लई भारी होता, त्याच्यासारखी नाडी कुणाची नव्हती." ती माझ्या तोंडाकडं बघत होती, उजळून, टाळ्या अजून कानात असल्यासारखी.

"सांग ना, आई. मी बाबावर गेलेय ना?"